उसन्या मशीनवर जगलेला हनीफ

हनीफ गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर वर करत होतो. बुलढाण्याकडच्या धाड गावच्या बाजारात माझं औषधाचं दुकान आणि त्याचं गादीचं, भिंतीला भिंत लागून. त्याचा थोरला आसिफ एवढंच म्हणाला, "चाचा, अब्बू गेले. दुपारच्या नमाजनंतर मय्यत हाय." म्हणजे माझ्या हातात फक्त सकाळ होती. हनीफनं मला एक काम सांगून ठेवलं होतं आणि ते दफन व्हायच्या आत करायचं होतं. त्याच्या छातीत पेसमेकरची मशीन होती. ती काढून कोण्या गरजवंताला द्यायची, असं वचन त्यानं माझ्याकडून घेतलं होतं.

याला कारण होतं. हनीफच्या छातीत पहिली मशीन बसली ती एका मेलेल्या माणसाची. अजूनही कोणाला सांगितलं तर लोक माझ्याच तोंडाकडे पाहतात. तेव्हा तो कापूस पिंजता पिंजता चक्कर येऊन पडायचा. ठोके फार कमी झाले होते. मीच त्याला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. नवी मशीन त्याच्या ऐपतीबाहेरची होती. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की चितेत मशीन फुटते, म्हणून जाळायच्या आधी ती काढावी लागते. "अशी एक आहे, बॅटरी चांगली आहे, निर्जंतुक करून बसवतो. कंपनी म्हणते एकदाच वापरा, मी पुन्हा वापरतो. नको वाटत असेल तर नाही म्हणा." मी हनीफला बाहेर ओढलं. "बे, कोणाची असन, काय रोग असन त्याले..." तर हा हसला. "सुधाकर, जुनी गादी फोडून कापूस पिंजला का मंग तो कोणाचा राह्यते बे?"

पण आत जाऊन त्यानं डॉक्टरांना एकच गोष्ट विचारली. "ज्याची होती त्याच्या घरच्यायले इचारलं होतं का?" डॉक्टर म्हणाले, "त्या वेळी ते रडत असतात हो... कुठं विचारायचं." माणूस भला होता, खोटं बोलला नाही. हनीफ त्या मशीनवर धडधाकट जगला, मुलींची लग्नं केली, माझ्याशी रोज भांडला. पण ते न विचारणं त्याच्या मनातून गेलं नाही. शब-ए-बारातला कब्रस्तानात गेला की आईबापासाठी दुवा मागून झाल्यावर त्या बिननावाच्या माणसासाठीही मागायचा. मी चिडवायचो, की अरे, तो जाळलेला माणूस, तुझी दुवा पोचते का त्याला? "तू औषधं ईक," म्हणायचा, "पोचवाचं काम तुह्याकडं नाही."

पुढं तिची बॅटरी संपली आणि सरकारी योजनेतून त्याला कोरी करकरीत मशीन मिळाली. घरी आल्यावर त्यानं शमीमभाभीला, आसिफला आणि मला समोर बसवलं. "ही माही हाय. मी मेल्यावर काढा अन् द्या कोणाले. यावेळी इचारून घेतली, असं झालं पाह्यजे." भाभी रडल्या, मग हो म्हणाल्या. अंगाला चाकू लावायचा म्हणजे त्यांच्यासाठी सोपं नव्हतं.

तर त्या सकाळी मी फोन लावत बसलो. म्हातारे डॉक्टर कधीच वारले होते. त्यांच्या जागेवरची डॉक्टरीण चांगली बोलली. "काका, आता तसं नाही करता येत आम्हाला. तुम्ही पाठवली तरी ती फेकूनच द्यावी लागेल." बुलढाण्यालाही दोन ठिकाणी विचारलं, उत्तर तेच. नियमाशी माझं भांडण नाही. नीट धुतली गेली नाही आणि एखादा दगावला, तर जबाबदार कोण? सवाल खरा आहे. पण ज्याला नवी परवडत नाही त्यानं काय करायचं, हाही सवालच आहे, आणि त्यावर फोनवर कोणी काही बोललं नाही. जन्मभर औषधं विकली मी. नवं नवं येताना पाहिलं, अन् आता खरंच थकून गेलोय. आसिफला सांगितलं तर तो म्हणाला, "मंग अब्बूले काऊन कापाचं, चाचा?" बरोबर होतं त्याचं. दुपारी हनीफला मशीनसकट माती दिली.

परवा त्याच्या घरी गेलो. भाभी इद्दतमध्ये आहेत, परक्या पुरुषासमोर येत नाहीत, म्हणून पडद्याआडून बोलल्या. मी हनीफनंच भरलेल्या गादीवर बसलो होतो. चहा आला, इकडचं तिकडचं झालं. मग बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "भाऊ, एक इचारू का? त्यायची मशीन... बंद झाली असन ना आता?"

"हो भाभी," मी म्हणालो. "माणूस गेला का तीबी बंद होते."

"मंग बरं हाय. मले राती झोप नाही ये. वाटे, तिकडं अंधारात एकटीच चालू असन."

खोटं बोलून मी चहा संपवला. मशीन बसवून फार दिवस झाले नव्हते. तिच्या बॅटरीत अजून बरीच वर्षं होती.