महिपतच्या फियाटची काच

किन्हवलीच्या आजूबाजूला ज्याच्या शेतावर डिझेल इंजिन होतं, त्याच्या घरी महिपत कधी ना कधी जेवलेला आहे. चाळीस वर्षं त्याने काळू नदीकाठचे पंप दुरुस्त केले. आधी सायकलवर, मग फियाटमधून. पाणी चढत नाही असा निरोप आला की तो इंजिनाकडे आधी बघत नसे. पाइप नदीत उतरतो तिथे जाऊन उकिडवा बसे आणि पाइपाला कान लावी. "हवा ओढतोय," एवढंच म्हणे. दहातल्या सात वेळा तेच निघे.

मी भातसानगरला धरणावर खलाशी होतो. चेन-पुली ओढली, दरवाज्यांना ग्रीस भरलं, निवृत्त होऊन गावी आलो. चांगलं काम कुठलं आणि वरवरचं कुठलं, हे मला कळतं. महिपतचं काम चांगलं. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं, अंगठ्यासकट, एका इंजिनाच्या पट्ट्यात गेली. तिसऱ्या दिवशी उरलेल्या तीन बोटांनी त्याने तेच इंजिन चालू करून दिलं होतं.

फियाट एकोणीसशे अडुसष्टची आहे. कल्याणच्या एका डॉक्टरांच्या शेतावर ती चार पावसाळे उभी होती, आत कोंबड्या अंडी घालत होत्या. महिपतने ती आणली आणि वर्षभर खपून रस्त्यावर काढली. तेव्हापासून म्हशाची जत्रा जेव्हा जेव्हा भरली, तेव्हा तो आणि प्रेमावहिनी याच गाडीने गेले. पौष पौर्णिमेला पहाटे निघायचं, जत्रा फिरायची, वहिनींनी एक घोंगडी घासाघीस करून घ्यायची आणि अंधाराच्या आत परत. या नेमात खाडा नव्हता.

यंदा खाडा पडायची वेळ आली ती डिसेंबरात.

सरळगावच्या रस्त्याचं काम चालू होतं. धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी मारलेलं. पुढच्या डंपरच्या चाकांनी तो तांबडा चिखल उचलला आणि फियाटच्या काचेवर फेकला. वायपर फिरले, चिखल काचभर पसरला. या गाडीत काचेवर पाणी मारायला डॅशबोर्डवर एक रबरी फुगा आहे. तो हाताने दाबायचा, की बॉनेटखालच्या पिशवीतलं पाणी काचेवर येतं. धडधाकट माणूस अंगठ्याने दाबतो. महिपतला डाव्या तळव्याने, पुढे वाकून, अंगाचा भार टाकून दाबावा लागतो. तो वाकला, भार टाकला, आणि जुनं रबर फाटलं. गाडी डावीकडे गेली आणि खडीच्या ढिगावर चढून थांबली.

कुणाला लागलं नाही. वहिनींच्या हातातल्या बांगड्या तेवढ्या फुटल्या. त्या उतरल्या, पदर झटकला आणि मागून येणाऱ्या टमटमला हात केला.

"म्हशाला मी जीपनं जाईन," त्या म्हणाल्या. "या गाडीत मी आता बसणार नाय."

"अगो, नवा फुगा बसवतो."

"मग परत वाकाल. फुग्याचं काय सांगता मला?"

महिपत त्या संध्याकाळी माझ्या ओट्यावर आला. जत्रेला बारा दिवस होते. "अनंता, ती बसली नाय तर मी पण नाय जाणार. आणि गाडी पण मग कशाला ठेवू?" एवढं बोलून त्याने कागदावर आकृती काढली. हाताचा फुगा बंद, विजेचा पंप चालू. बटण स्टेअरिंगला. एक अट. मूळ पत्र्याला नवीन भोक पाडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही शहापूरला गेलो. तिथे भूमिका नावाच्या मुलीचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. तिने एका नव्या छोट्या गाडीचा पंप काढून दिला, अंगठ्याएवढा. आणि स्वतःहून सांगितलं, "काका, बाटली वर, पंप खाली. हा पाणी ओढत नाय, नुसता ढकलतो."

"पोरी," महिपत म्हणाला, "तुझा बाप चड्डीत होता तवापासून मी पंप बसवतोय."

"बसवा. माझं काम सांगायचं."

घरी येऊन त्याने पंप बसवला, आणि बसवला तो नदीकाठी बसवतो तसा. नदीवर पंप वर, काठावर असतो, पाणी खाली. त्याच्या डोक्यात चाळीस वर्षं तेच चित्र. इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर वरच्या अंगाला एक जुनं रिकामं भोक होतं, तिथे पंप आवळला. तिथून नळी खाली पाण्याच्या पिशवीत सोडली. नळीत आधी पाणी भरलं, जसं इंजिन चालू करायच्या आधी भरतात. बटण दाबलं. काचेवर दोन धारा आल्या. महिपतने माझ्याकडे बघितलं आणि मिशीवरून हात फिरवला. मीही म्हणालो, झालं. चूक माझीही आहे.

सकाळी बटण दाबलं तर नुसती गुरगुर. रात्रीत पाणी खाली उतरलं होतं. महिपत हसला. हा रोग त्याच्या ओळखीचा. नदीत पाइपाच्या तोंडाला झडप असते, पाणी परत उतरू देत नाही. तशीच त्याने बोटाएवढी झडप करून नळीच्या टोकाला बसवली. पितळ कानशीने घासून, दीड दिवस लावून. काम देखणं होतं. दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी शाळेसमोरच्या खड्ड्यात गाडी आदळली, नळीत हवा शिरली, आणि पाणी येईना म्हणून महिपत बटण दाबतच राहिला. करपल्याचा वास आला. पंप जळाला.

तो ओट्यावर बसून राहिला. वहिनी आतून म्हणाल्या, "जीपवाल्याला सांगून ठेवलंय मी. पुढची सीट."

"कुणाची जीप?"

"काळूरामची."

"त्याच्या जीपला ब्रेक हाय का?"

"काच तर स्वच्छ हाय."

महिपत उठला. "चल, शहापूर."

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. मला वाटलं, महिपत ती जायची वाट बघेल. त्याने जळका पंप टेबलावर ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "तू सांगितलं होतंस. मी ऐकलं नाय. चुकलो."

भूमिकाने पंप हातात फिरवला. "वर बसवलात?"

"वर."

"नदीवर बसवतात तसा?"

"तसाच. झडप पण लावली."

"काका, काळू नदी गाडीत घेऊन फिरणार होतात का?"

गिऱ्हाइकं हसली. महिपतही हसला. मग तिने पंप कापून दाखवला. आत प्लास्टिकचा पंखा, रुपयाच्या नाण्याएवढा, चारी बाजूंनी सैल. पाणी आपोआप अंगावर आलं तर हा पुढे ढकलतो. हवा आली की नुसता फिरत राहतो आणि तापतो. महिपतने तो तुकडा डोळ्याजवळ धरला, बराच वेळ बघितला, खिशात टाकला. दुसरा पंप घेतला. बाटलीही घेतली, तळाशी पंप खोचायची जागा असलेली, आणि मधे लावायची छोटी एकमार्गी झडप. यावेळी तिने सांगितलेलं त्याने दोनदा विचारून घेतलं.

जत्रेला चार दिवस उरले होते.

बाटलीची पट्टी मी केली. जुन्या पिशवीच्या दोन आकड्यांना अडकेल अशी, म्हणजे भोक नको. पहिली केली, महिपतने बाटली हलवून बघितली, ती केसभर हलली. "काढ," म्हणाला. दुसरी केली. ती हलली नाही, पण कड धारदार होती, नळी घासली असती. "काढ." तिसरीला चार तास गेले. ती आजही आहे, बघायला या. महिपतने तोवर वायर ओढली. किल्ली फिरवल्याशिवाय पंप चालणार नाही अशी, मधे फ्यूज. बॉनेटवरच्या जुन्या पितळी तोट्या वहिनींच्या सुईने साफ केल्या. बटण स्टेअरिंगच्या दांड्याला पट्टीने आवळलं, उजव्या बोटाच्या टप्प्यात. फाटका फुगा त्याने जागेवरच ठेवला. गाडीचा आहे, म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली, बटण दाबलं. पंप खाली, पाणी त्याच्या डोक्यावर. धारा थेट काचेच्या मध्यावर. महिपत आत गेला. "बघायला ये."

वहिनी आल्या, पण बघायला नाही. त्यांनी अंगणातली तांबडी माती पाटीत घेतली, पाणी ओतलं, वर शेण टाकलं आणि कालवलं.

"शेण कशाला गो?"

"डंपर काय तुमाला विचारून चिखल निवडतो? चालवा गाडी. शाळेपर्यंत जा आणि परत या. मी बांधावर उभी राहते."

मी शेजारी बसलो. गाडी बांधाजवळ आली आणि पाटीतला पहिला गोळा काचेवर बसला. सगळं अंधारलं. महिपतचे दोन्ही हात चाकावर. बटण, पाणी, वायपर. दोन फेऱ्यांत रस्ता दिसला. परत फिरलो. दुसरा गोळा. तिसरा. सात वेळा त्यांनी फेकला, आणि एकही गोळा चुकला नाही. लावणीत चिखलाच्या गोळ्यांनी खेळलेला हात आहे तो. पाचव्याला डावी तोटी तुंबली, महिपतने उतरून सुई मारली. सातव्यानंतर तो गाडीतून उतरला तो छाती काढूनच.

"आता?"

"काच धुतली," वहिनी म्हणाल्या. "गाडी पण सरळ गेली."

"मग?"

"पण दर खेपेला तुमी बटणाकडं बघितलंत. खाली. मी बघत होते. रस्त्यावर डोळे नव्हते तुमचे."

महिपत माझ्याकडे वळला. मी मान हलवली. खरं होतं. मीही पाहिलं होतं, बोललो नव्हतो.

"सवय होईल," तो म्हणाला.

"परवा जत्रा हाय. परवापर्यंत होईल?"

महिपतला नाही म्हणायची सवय कमी. तो हो पण म्हणाला नाही. खिशातून तो जळक्या पंपाचा तुकडा काढला, तीन बोटांत फिरवला आणि वहिनींना विचारलं, "मग तू सांग. कसं करू?"

"मला एक बटण द्या. माझ्या बाजूला. काच मी धुते."

"काच ड्रायव्हर धुतो."

"घरात भांडी कोण धुतं?"

मला हसू आलं. महिपतने पाना उचलला.

काम तासाभराचं. त्याच वायरीतून फाटा काढला, डॅशबोर्डखालच्या जुन्या स्क्रूला पट्टी अडकवली, वहिनींच्या गुडघ्याजवळ. दोघांपैकी कुणीही दाबलं तरी पंप चालतो. बसवून झाल्यावर वहिनी दार उघडून आत बसल्या, सीट पुढे घ्यायला लावली, बटण चार बोटं उजवीकडे सरकवायला लावलं. महिपतने सरकवलं. पुन्हा दोन बोटं मागे. तेही केलं.

पौर्णिमेला पहाटे निघालो. मला मागच्या सीटवर घेतलं होतं, सोबत आठ बाटल्या पाणी. काचेवर दव, त्यावर धूळ, त्यावर समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे. वहिनींनी गावाबाहेर पडायच्या आतच दोनदा धुतली. सरळगावच्या अलीकडे तोच रस्ता, तोच ओला चिखल, पुढे डंपर. महिपतने वेग कमी केला. चिखल उडाला, आणि तो काचेवर बसतो न बसतो तोच पाणी आलं. महिपतची नजर हलली नाही. गाडी खडीच्या ढिगाजवळून गेली. तो अजून तिथेच होता.

मुरबाड मागे पडल्यावर काच आरशासारखी होती, तरी पंप गुरगुरला.

"आता काय होतं काचेवर?" महिपत म्हणाला. "पाणी संपेल."

"माशी होती."

"अनंता, बाटल्या किती उरल्या?"

"तीन."

"जत्रेत भरून घेऊ," वहिनी म्हणाल्या. "तुमी समोर बघा."