बाबा कोरसला बसले

डबलबारीच्या फ्लेक्सचा मजकूर मी पहिल्यांदा लिहिला, तेव्हा वर्तमानपत्राच्या डेस्कवर मला बरीच वर्षं झाली होती. बातमीतलं विशेषण दिसलं की खोडायचं, ही सवय. इथे मात्र कमिटीने सांगितलं ते जसंच्या तसं घ्यावं लागलं. 'कोकणचे भूषण, गजराचे बादशहा, सुप्रसिद्ध भजनीबुवा यांची सुकन्या'. त्याखाली उरलेल्या जागेत बहिणीचं नाव. दोन फोटोंपैकी मोठा बाबांचा.

बाबा तळोज्याला एका कंपनीत ऑपरेटर होते. शिफ्ट सांभाळून भजनं करायचे. कॅसेटच्या काळात त्यांचा एक गजर कणकवलीपासून कामोठ्यापर्यंत घरोघरी वाजला. मला सूर नाही हे त्यांनी लवकर ओळखलं आणि स्पष्ट सांगितलं, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. माझी वर्षं वाचली. बहिणीला सूर होता. तिला त्यांनी हॉलमध्ये पेटीपुढे बसवलं आणि वरच्या मजल्यावरून तक्रार येईपर्यंत शिकवलं.

डबलबारीत दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात आणि पाळीपाळीने गातात. पेटीवर बसून मुख्य गाणारा तो बुवा. बाई असली तरी बुवाच. मागे पखवाज, झांजा आणि ओळ उचलणारा कोरस. मध्येमध्ये समोरच्या बुवाला टोले मारायचे असतात. लोक गाण्याइतकेच त्या टोल्यांसाठी येतात. शेवटी द्रुत लयीचा गजर, आणि बारी कोणाची झाली ते लोक त्यावरून ठरवतात.

बहिणीचा गजर कोणी ऐकलाच नव्हता. ती ऐरोलीच्या ऑफिसातून सुटून कार्यक्रमाला पोचायची, स्तवनापासून गवळणीपर्यंत सगळं नीट गायची, आणि गजराची वेळ आली की गर्दीतून कोणीतरी ओरडायचं, "बुवा, होऊन जाऊ दे!" बुवा म्हणजे बाबा. ते पहिल्या रांगेत बसलेले असायचे. लोकांना नाही म्हणणं त्यांना जमत नसे. ते उठायचे, बहीण पेटी सोडून बाजूला सरकायची, आणि लोक त्यांचा जुना गजर गुणगुणत घरी जायचे.

"मी म्हणजे नाटकाची तिसरी घंटा आहे, दादा," एकदा ती मला म्हणाली. "मी वाजले की बाबा येणार."

"त्यांना सांग ना."

"काय सांगू? तुम्ही गाऊ नका म्हणून?"

त्यानंतर तिने ठरवलं की कामोठ्याच्या पूजेची बारी घेतलेली आहे ती करायची आणि थांबायचं. पुढे सोसायटीतल्या मुलांना शिकवेन म्हणाली. हे तिने फक्त मला सांगितलं, आणि बाबांना सांगायचं नाही अशी अट घातली. मी अट पाळली.

ती पूजा आमच्या भागातल्या कोकणी मंडळाची. लाउडस्पीकर दहाला बंद करायचा, त्यामुळे कमिटीचे अध्यक्ष घड्याळ बघत फिरत होते. पहिली बारी ऐरोलीच्या बुवांची. त्यांचा आवाज खणखणीत आणि जीभ त्याहून. अभंग आटोपून त्यांनी रुमालाने तोंड पुसलं आणि माइक जवळ घेतला.

"मंडळी, आज आमच्यावर अन्याय आहे. समोर दोन बुवा! एक पेटीवर, एक खुर्चीत. बाईंनी गवळणीपर्यंत गाडी आणायची आणि घाट आला की बापाने ढकलायची. अहो बाई, तुमचा गजर आहे तरी कसा? का माहेरीच ठेवून आलात?"

मंडप हसला. मी बाबांच्या शेजारी होतो. तेही सवयीने हसले. मग हसू थांबलं आणि त्यांनी बहिणीकडे पाहिलं.

बहिणीची बारी सुरू झाली. तिने टोला परत केला. "बुवा, घाटाची एवढी भीती वाटते तर तुम्ही वाशीलाच उतरायचं. इथवर आलात कशाला?" टाळ्या पडल्या. पण गवळण संपली तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. एकच गजर होण्याइतका वेळ उरला होता, आणि मागून आवाज आला, "बुवा, होऊन जाऊ दे!"

बाबा उठले. बहिणीने भात्यावरचा हात काढला आणि सरकायला लागली.

ते पेटीकडे गेलेच नाहीत. तिच्या मागून वळसा घालून कोरसमध्ये शिरले. पहिल्या झांजवाल्याला म्हणाले, "सरक रे वायच. माका झांज दी."

नाव असलेला बुवा दुसऱ्याच्या कोरसला बसत नाही. तसा कुठे नियम लिहिलेला नाही, पण कोणी मोडलेला मी पाहिला नव्हता. अध्यक्ष माइक घेऊन धावले. बाबांनी तो हाताने दूर केला. "आज गजर तिचो. आमी मागून म्हणतलो."

बहिणीने मागे वळून पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतंस? पखवाजाकडे बघ. सुरू कर गो!"

तिने स्वतः बांधलेला देवीचा गजर घेतला. पहिल्याच आवर्तनात बाबा सवयीने तिच्या आधी ओळ घेऊन वर चढले. तिने पेटीवरून डावा हात उचलून मागे दाखवला. थांबा. ते थांबले, आणि खाली येऊन कोरसच्या सुरात मिसळले. ऐरोलीचे बुवा मांडीवर थाप मारून हसले आणि समोरून ठेका धरायला लागले. गजर संपला तेव्हा बाबांचं नाव कोणी घेतलं नाही.

नंतर बहीण ऐरोलीच्या बुवांच्या पाया पडायला गेली.

"अगो, मी भांडायलाच आलो होतो," ते म्हणाले.

"म्हणूनच," ती म्हणाली.

तिने बाऱ्या सोडल्या नाहीत. फ्लेक्स अजून मीच लिहितो. आता त्यावर एकच फोटो असतो. बाबांचे गुडघे साथ देतात तेव्हा ते मागे झांज घेऊन बसतात. कार्यक्रम ठरवायला लोक अजून त्यांच्याच नंबरवर फोन करतात. परवा मी घरी होतो तेव्हा एक फोन आला. बाबांनी तारीख ऐकली आणि म्हणाले, "थांबा, बुवांका विचारून सांगतंय."

मग फोनवर हात ठेवून त्यांनी स्वयंपाकघराकडे हाक मारली.