आपोआप होणारी बियर

"बोल की गं काहीतरी!" मी नातीला गदागदा हलवत होते आणि ती तोंडावर रुमाल दाबून गप्प उभी होती. आम्ही दोघी बाल्कनीत, सातव्या मजल्यावर. मागच्या खोलीत धूर शिरत होता. खोलीपलीकडे स्वयंपाकघर आणि त्याच्यापलीकडे घराचं दार, म्हणजे ते दार आता आमच्या कामाचं नव्हतं. नात पाच वर्षांची, ताप आला म्हणून पाळणाघरात न जाता घरी राहिलेली. एरवी तिचं तोंड मिनिटभर मिटत नाही. धूर छातीत गेला आणि पोरीची वाचा गेली, असंच मी समजले.

धूर जावयांच्या बियरचा होता.

मी मुलीकडे राहते, तोक्योत, ओजिमाला. नात लहान आहे तोवर तिला सांभाळायला आजी चालते, अशी इथल्या सरकारची परवानगी आहे. मुलगी आणि जावई तोयोसुला कॉम्प्युटरच्या ऑफिसात जातात. जावयाला बोलायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. ती पाळून दोन वर्षं मी बियर होताना बघत होते.

पहिल्या वर्षी एक पातेलं, एक थर्मामीटर आणि डाव घेऊन उभे जावई, एवढंच होतं. तेव्हा बियर होत असे. मग त्यांना वाटलं, यात माणूस कशाला हवा? पातेल्यात विजेची कॉइल आली. पाणी फिरवायला पंप आला, पंपाला नळ्या आल्या, पत्त्याएवढा एक छोटा कॉम्प्युटर आला, आणि सगळं फोनवर दिसायला लागलं. प्रत्येक सुधारणेला दोन-तीन रविवार जात आणि तेवढे दिवस बियर बंद. करायचं काय, तर मोड आणून वाळवलेली बार्ली गरम पाण्यात तासभर ठेवायची, पाण्यात गोडी उतरली की बार्ली काढून पाणी उकळायचं, त्यात कडू फुलं टाकायची, निववायचं आणि यीस्ट घालायचं. याला एक शेगडी आणि एक बाई पुरली असती.

त्यात इथे घरी दारू करायला बंदी. अल्कोहोल एक टक्क्याच्या आत असेल तर चालते. जावई कायद्याने वागणारे. म्हणून धान्य कमी, पाणी जास्त. इतक्या वायरी जोडून त्यांनी जे केलं, ते पिऊन कोणाला काहीही होत नाही.

"आई, कशी झालीय?" त्यांनी एकदा मला घोटभर देऊन विचारलं.

"छान. खोकल्यावर चालेल."

त्यांना ते कौतुक वाटलं.

त्या दिवशी ते घरून काम करणार होते, म्हणून सकाळीच यंत्र लावलं. बार्ली निघाली, गोड पाणी तयार झालं आणि ऑफिसातून फोन आला.

"आई, मला जावं लागतंय."

"मग या पातेल्याचं मी काय करायचं?"

"काहीच नाही! तेच तर. सगळं आपोआप."

निघायच्या गडबडीत त्यांच्या हातून सेन्सर जमिनीवर पडला. सेन्सर म्हणजे पेन्सिलीएवढी स्टीलची कांडी, तिला लांबच लांब वायर. पातेल्यात बुडून ती पाणी किती तापलं ते यंत्राला सांगते. जावयांनी ती उचलली, पँटला मागे पुसली आणि परत पातेल्यात सोडली. मी बघितलं. बोलले नाही. ते गेल्यावर कांडी बाहेर काढली, साबणाने धुतली आणि वायर न काढता खोलीतून ओढत नेऊन बाल्कनीत उन्हाला, नातीच्या मोज्यांशेजारी, चिमटा लावून वाळत घातली.

जानेवारी होता. कांडीने यंत्राला बाल्कनीतली थंडी कळवली. तोयोसुत बसून जावयांनी फोनवर सहा डिग्री वाचलं, पाणी फारच गार आहे म्हणाले, आणि आच पूर्ण मोठी केली. पातेलं उकळलं, आटलं, तळाशी साखर जळली, नळ्या वितळल्या. वाफ नको म्हणून मी स्वयंपाकघराचं दार वायरीवरूनच लावून घेतलेलं.

दुपारी मी आतल्या खोलीत नातीजवळ लसूण सोलत होते. छतावरून एक बाई गोड आवाजात बोलायला लागली. "काजी देस, काजी देस." या देशात वस्तू बोलतात. आंघोळीचं पाणी तापलं की एक बाई सांगते, भात झाला की कुकर गाणं वाजवतो. म्हटलं, जावयांनी बियरलाही बाई बसवली. "बरं बरं, ऐकलं," मी तिला म्हटलं आणि सोलत राहिले.

काजी म्हणजे आग.

नात झोपेतून उठून बसली, रुमाल तोंडावर धरला आणि माझा गाऊन ओढायला लागली. मी दार उघडलं, धूर अंगावर आला, दार लावलं, आणि आम्ही बाल्कनीत आलो. तिथे ती बोलेना. नुसती आमच्या आणि शेजारच्या बाल्कनीमधल्या पांढऱ्या फळीकडे बोट दाखवत होती. फळीवर काहीतरी छापलेलं. मला वाचता येत नाही; आग लागली तर ही फळी फोडून पलीकडे जा, असं तिथे लिहिलंय, हे मला नंतर कळलं. मी तिथे झाडू टेकवून ठेवते.

पोरीने फळीला लाथ मारली. काही झालं नाही. दुसऱ्याचं घर फोडायचं म्हणून मी क्षणभर थांबले, मग तिच्या मिटलेल्या तोंडाकडे बघून मीही मारली. तिसऱ्या लाथेला फळी फुटली. शेजारची म्हातारी कुंड्यांना पाणी घालत होती. नातीने तिला वाकून नमस्कार केला. तोंड मिटलेलंच. म्हातारीने फोन करून बंब बोलावला आणि आम्हाला जिन्याने खाली नेलं.

खाली बागेत पोचल्यावर नातीने रुमाल काढला.

"आजी, तू किती बोललीस! हिनानला बोलायचं नसतं. सेन्सेई रागावते."

हिनान म्हणजे आग लागली की बाहेर पडायची कवायत. पाळणाघरात सेन्सेई, म्हणजे तिथल्या बाई, दर महिन्याला करून घेतात.

"अगं भवाने, मला वाटलं तुझी वाचा गेली!"

"गेली नाही. मी गप्प होते."

जावई धावत आले. आधी त्यांनी नातीला उचललं, एवढं त्यांच्या बाजूने सांगते. बंबवाले गेल्यावर आम्ही वर गेलो आणि ते बाल्कनीत थांबले.

"आई, हा सेन्सर इथे कोणी वाळत घातला?"

"मी."

"का पण?"

"तुम्ही पँटला पुसलात म्हणून. पातेल्यातल्या वस्तू पँटला पुसत नाहीत. आणि माणूस घरात ठेवून यंत्र सोडून जायचं, तर त्या माणसाला यंत्राचं सांगून जावं. आपोआप म्हणे!"

जावयाला मी पहिल्यांदाच बोलले. बरं वाटलं. कांडी काढली ती मीच, हेही सांगितलं. ते म्हणाले, "चूक माझी, आई." मी नाही म्हटलं नाही.

आता यंत्रात दोन सेन्सर आहेत आणि दोघांचं पटलं नाही की आच बंद होते. पातेलं आटलं तरी बंद होते. सेन्सर स्क्रूने घट्ट बसवलेत, सासूला काढता येऊ नयेत म्हणून. शिवाय मुलीने त्यांना बजावलंय, यंत्र चालू असेपर्यंत तुम्ही स्वतः तिथे उभं राहायचं. ते राहतात. बियर तशीच लागते.

स्वयंपाकघराची भिंत काळी झाली, शेजारणीची फळी नवी बसवावी लागली. त्या दुपारी घरात नात आणि मी, दोघीच होतो. दोघी वाचलो.