मंत्री गेला, म्हातारी राहिली

सावली गावच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर आमच्या ह्यांनी एक थरारक कादंबरी लिहिली. गडचिरोलीच्या जंगलात वनरक्षकाचा खून होतो आणि त्यामागे खाणीसाठी जंगल विकणारा मंत्री निघतो, अशी गोष्ट. खून पाहणारी एकच, मोहफुलं वेचणारी म्हातारी. ती ह्यांनी त्याच जिल्ह्यातल्या मुलचेऱ्याकडच्या एका गोंड बाईवरून घेतली होती. पहिल्या नोकरीत हे तिच्याच घरी राहिले होते. तापानं फणफणले तेव्हा तिनंच पेज पाजून उभं केलं.

कादंबरीवर चित्रपट करायचा म्हणून मुंबईहून दिग्दर्शिका आली. माझ्या हातचा वडाभात मन लावून जेवली आणि मग हळूच म्हणाली, "सर, मंत्री नको. तस्कर करू. जिल्ह्याचं नावही काढावं लागेल."

"काऊन? तो मंत्री तर मी मनानं रचला. खरा कोणीच नाई."

"म्हणूनच भीती. प्रत्येकाला वाटेल, हा मीच."

हे खो खो हसले आणि कबूल झाले. पण तिनं पुढं विचारलं, "म्हातारीला पोलिसांची खबरी केली तर?"

ह्यांचं हसू मावळलं. "इथी त्या एका शब्दापायी नक्षल्यांनी माणसं मारली, मॅडम. ते करायचं असंल तर माही कादंबरी वापस द्या."

इतक्या वर्षांत ह्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. दिग्दर्शिका अंगणात जाऊन बराच वेळ मुंबईशी फोनवर भांडली. आत आली तेव्हा घामाघूम होती. म्हणाली, "राहील तशीच."

चित्रपट चंद्रपुरात लागला तेव्हा आम्ही मुलचेऱ्याच्या त्या गोंड बाईलाही नेलं. तस्कर कोणत्या मुलखाचा, काही पत्ता लागत नव्हता. हे खुर्चीत अंग चोरून बसले होते. पडद्यावरची म्हातारी भर कोर्टात "मी पाहिलं" म्हणाली, तेव्हा आमच्या बाईनं ह्यांचा हात घट्ट धरला.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "मास्तर, तुमी वाचून दाखवला तो मंत्री कुठी गेला?"

"कापला, बाई."

"राग नाई आला तुमाले?"

"आला न. दोन दिवस जेवलो नाई." हे खरं होतं; दिग्दर्शिकेसमोर हसले, पण ती गेल्यावर भरलेलं ताट मीच परत उचललं होतं.

तिला मात्र वेगळाच राग होता. "ते पिच्चरातली बाई फुलं झाडावरून तोडून राह्यली होती! मोह कोणी तोडते काय? तो आपसूक पडते. सांगा तिले."

तिथंच, रस्त्याच्या कडेला उभं राहून, ह्यांना दिग्दर्शिकेला फोन लावावा लागला.