सत्तेचाळीस नंबरचं शटर

भूत-आत्मा असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आयुष्यभर टेलिफोन मेकॅनिकचं काम केलं... वायर कापली की आवाज बंद, एवढंच मला ठाऊक. तरी हे लिहितोय. यात भीतीपेक्षा माझी लाजच जास्त आहे.

९५-९६ च्या सुमाराची गोष्ट. बेंगळुरूत नवी इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आली होती. जुनी यंत्रं म्युझियममध्ये ठेवायची ठरली आणि हाताने चालवायचा एक बोर्ड साफसफाईसाठी माझ्याकडे आला. बसवनगुडीत आमचं वर्कशॉप होतं, तिथे तो टेबलावर ठेवला. बघताक्षणी ओळखला. शहराबाहेरच्या एका लहान एक्स्चेंजमध्ये याच बोर्डावर वत्सलाक्का बसायची. माझी चुलत बहीण.

या बोर्डावर प्रत्येक फोनचं एक छोटं पितळी शटर असतं. गिऱ्हाइकाने हँडल फिरवलं की ते पडतं आणि ऑपरेटरला कळतं. त्याच्या वीस वर्षं आधी सत्तेचाळीस नंबरच्या घरी बाई अत्यवस्थ होती. नवरा डॉक्टरांसाठी फोन लावत राहिला, उत्तर आलं नाही, बाई गेली. अक्का म्हणाली, "शटर पडलंच नाही." ते शटर दोन दिवस अडकत होतं, मी बघितलं होतं. पण नंतर बोर्डाची तपासणी माझ्याकडेच आली, नोकरी नवी होती, आणि सीनियर म्हणाले, "चांगलं आहे म्हणून लिही." मी लिहिलं. अक्काची नोकरी गेली. ठरलेलं लग्नही मोडलं.

तर त्या दिवशी दुपारी डबा खाऊन मी शटरं पुसत होतो. बॅटरी नाही, केबल मागून कापलेली. सत्तेचाळीसचं शटर टक्कन पडलं. स्प्रिंग सैल असेल म्हणून वर केलं, पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा पडल्यावर का कुणास ठाऊक, बोर्डाचा हेडफोन कानाला लावला.

"अक्का, डॉक्टर मनेगे लाइन कोडी," पुरुषाचा आवाज. डॉक्टरांच्या घरी लाइन द्या, म्हणत होता. दमलेला, रडवेला. "बेग कोडी अक्का... बेग." लवकर द्या, लवकर.

सवयीने मी "ओंदु निमिष", एक मिनिट, म्हणालो आणि लाइन जोडायचा प्लग उचलला. प्लगची दोरी हातात आली — खालून तुटलेली. तो माणूस अजून "अक्का, अक्का" करत होता. मग काहीच नाही.

तडक बस धरून मल्लेश्वरमला गेलो. अक्का पाटावर बसून शेंगा सोलत होती. सगळं सांगितलं, तपासणीचंही. तिने एकच विचारलं, "शटर पडलं?"

"तीनदा पडलं."

"सरी," बरं, एवढंच म्हणाली. शेंगा सोलणं थांबलं नाही. "तुझा कागद चौकशीत मलाच वाचून दाखवला होता. सही बघितली मी. वाटलं, येईल कधीतरी सांगायला."

"अक्का, मी उद्या लेखी देतो."

"दे. स्वल्प उशीर झाला, एवढंच." मग आत बघून म्हणाली, "कॉफी पिऊन जा."

दुसऱ्या दिवशी लेखी दिलं. साहेबांनी वाचून परत केलं. "फाइलसुद्धा राहिली नाही. आता कुणासाठी?" म्हणाले. आणि जाताजाता सांगितलं, बघायला येणारे लोक शटरांशी खेळतील, सगळी चिकटवून टाका.

मी चिकटवली. सत्तेचाळीसचंसुद्धा. त्याआधी दोन-तीन दुपारी हेडफोन लावून बसलो होतो, काही ऐकू आलं नाही.

तो आवाज कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. ओळखीच्या इंजिनिअरांनी दिलेली कारणं मलाच पटत नाहीत. वत्सलाक्का जाऊन बरीच वर्षं झाली. म्युझियम तिच्या घरापासून एका बसच्या अंतरावर होतं... चल अक्का, बघून येऊ, असं म्हणायची माझी छाती कधी झाली नाही.