अण्णांनी बोटं विकली नव्हती

अण्णा कधी हात मिळवायचे नाहीत, हात झाकायचे. वाशीच्या फळबाजारात असोत, लग्नाच्या मांडवात असोत की दवाखान्याच्या बाकावर, समोरचा माणूस आवडला की त्यांच्या डाव्या खांद्यावरचा पंचा त्याच्या मनगटावर पडायचा आणि पंच्याखाली अण्णांची बोटं त्याची बोटं शोधू लागायची. मुलं किती, भाऊ किती, जेवायला भाकरी किती वाढू, हे तोंडाने विचारण्यापेक्षा त्यांना बोटांनी विचारायला आवडे.

ही सवय धंद्याची. अण्णा साताऱ्याकडचे, एका शेठच्या गाळ्यावर फळं विकायचे. त्या काळी आंब्याचा भाव मोठ्याने बोलायचा नाही अशी रीत होती. पेटी उघडली की खरेदीदार पंच्याखाली हात घालायचा. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच; शेकडा की हजार, ते दोघांना माहीत असायचं. सौदा पटला की अण्णा पंचा झटकून "गेला माल" म्हणायचे आणि पलीकडे टेबलाशी हिशेब लिहीत बसलेल्या मेहताजींना जाऊन भाव सांगायचे. मी त्यांच्याच हाताखाली तयार झालो. "दत्त्या, फळाला हात लावल्याबिगर तोंड उघडायचं न्हाय," हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं, "घाई गिऱ्हाइकाला असावी, आपल्याला कशापायी?"

त्यांच्या शेवटच्या मोसमात माल स्वस्तात जाऊ लागला. पंच्याखाली एक भाव ठरायचा आणि मेहताजींकडे दुसराच, कमी भाव पोचायचा. खरेदीदार कशाला तक्रार करतील? पंच्याची हालचाल बघून भाव ओळखण्याइतका मी तयार झालो होतो; दोन-तीनदा शेजारी उभं राहून खात्री केली आणि शेठना सांगितलं की अण्णांनी बोटं विकली, म्हणजे खरेदीदारांकडून पैसे खाऊन भाव पाडला. आमच्या बाजारात याहून वाईट शिवी नाही. शेठनी त्यांना त्याच दिवशी घरी पाठवलं. अण्णा नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी त्याला निगरगट्टपणा म्हटलं, आणि चहाच्या टपरीवर ही गोष्ट रंगवून सांगितलीसुद्धा.

मधे बरीच वर्षं गेली. मी निवृत्त होऊन सीवूड्सला मुलाकडे राहायला आलो आणि कॅरम खेळायला ज्येष्ठांच्या केंद्रावर जाऊ लागलो. तिथल्या मागच्या खोलीतून एका सकाळी एवढा हशा ऐकू आला की मी सोंगटी सोडून उठलो. आत आठ-दहा म्हातारी माणसं गोल बसून एकमेकांकडे मऊ चेंडू फेकत होती. ज्याच्या हातात चेंडू, त्याने आवडीची भाजी सांगायची. सगळ्यांना विसरण्याचा आजार. आणि त्यांच्यात, चेंडू मांडीवर धरून, एक शब्द न बोलता, अण्णा.

मी पुढे झालो आणि विचारलं, अण्णा, ओळखलंत का? त्यांचा चेहरा एकदम कसानुसा झाला. तो गट चालवणाऱ्या मुग्धाताईंनी मला हळूच बाहेर आणलं. "काका, इथे परीक्षा नसते," त्या म्हणाल्या. "काय आठवतं ते आम्ही विचारत नाही. काय आवडतं, काय वाटतं ते विचारतो. त्याला चुकीचं उत्तर नसतं." मग त्यांनी समजावलं की यात गोळी नाही, इंजेक्शन नाही. वास, गाणी, वस्तू, गप्पा, वाद. आठवड्यातून दोन सकाळी मेंदूला हलवत राहायचं. आजार जात नाही, पण जे उरलंय ते जागं राहतं.

मी कॅरम सोडला आणि त्या खोलीत मदतीला जाऊ लागलो. काय मजा यायची! करावे गावच्या हिराआजी, जन्मभर मासळी विकलेल्या, नातवाचं नाव विसरायच्या. पण सुक्या बोंबलाचा वास आला की चटणी कशी करायची यावर सगळ्यांशी भांडायच्या. एक निवृत्त मास्तर जात्यावर हात ठेवताच आईच्या ओव्या म्हणायला लागले. फक्त अण्णा गप्प. त्यांना सोडायला येणारा त्यांचा मुलगा प्रकाश, तुर्भ्याच्या कंपनीतला, खाली मोटरसायकलवरच बसून राहायचा. एकदा मी त्याला वर बोलावलं. "काका, बोटं विकलेल्या माणसाला आता खेळणी देऊन काय होणार?" तो म्हणाला. बाप-लेक एका घरात राहून वर्षानुवर्षं बोलत नव्हते. माझंच वाक्य होतं ते. मी ओशाळून जिना चढलो.

मग आंब्याचा दिवस आला. मुग्धाताईंनी सगळ्यांच्या घरून जुन्या वस्तू मागवल्या होत्या. अण्णांच्या सुनेने पंचा पाठवला होता. टोपली उघडली, खोलीभर वास पसरला. अण्णांनी एक आंबा उचलला, देठाशी नाक नेलं, अंगठ्याने हलकं चाचपलं आणि म्हणाले, "अजून दोन दिस."

कितीतरी आठवड्यांनी आलेला तो आवाज. त्यांनी समोरचा पंचा उचलून खांद्यावर टाकला आणि उठलेच. आंबे निवडून ढीग केले. पंचा आधी हिराआजींच्या हातावर पडला.

"माजा हात कशाला दाबतंस रं?" आजी ओरडल्या. "मी बाजारान बसलेली बाई हाय, वरडून घेईन."

हसून हसून मास्तरांचा चष्मा पडला. मुग्धाताई टाळ्या वाजवत मेहताजी होऊन टेबलाशी बसल्या आणि मला म्हणाल्या, काका, तुम्ही खरेदीदार. मी हात पुढे केला. पंच्याखाली तीच बोटं, कोरडी, हलकी, अजूनही हुशार. मी आठ दाबले. त्यांनी मान हलवली, दहा मागितले. मी हटलो नाही, त्यांनी डोळा बारीक केला, आम्ही नऊवर आलो. अण्णांनी पंचा झटकला. "गेला माल!" मला तर तिथेच नाचावंसं वाटत होतं.

मग ते टेबलाकडे चालत गेले. मुग्धाताईंनी विचारलं, अण्णा, भाव काय लिहू?

"पाच," अण्णा म्हणाले. शांतपणे, खात्रीने.

सगळे हसले. मी हसू शकलो नाही. तोच चेहरा होता, गाळ्यावरचा, निर्मळ. बोटांना सौदा येत होता. टेबलापर्यंतच्या वाटेत आकडा गळून पडत होता. तेव्हाही असाच गळत होता. त्या मोसमात ते एकदा आपलाच गाळा ओलांडून पुढे गेले होते, एकदा तोच चहा त्यांनी दोनदा मागवला होता, आणि आम्ही चेष्टा केली होती.

मी धावतच खाली गेलो, या वयात जमेल तसं. प्रकाशला सगळं सांगितलं: शेठना कोणी सांगितलं, टपरीवर कोणी रंगवलं, आणि आत्ता वर काय बघितलं. त्याने हेल्मेट काढलं, पुन्हा घातलं.

"तुम्ही सांगितलं होतं?"

मी हो म्हणालो.

"आणि मी मानलं," तो म्हणाला. मोटरसायकल सुरू करून निघून गेला. अण्णांना त्या दिवशी मी रिक्षाने घरी नेलं.

अण्णा या थंडीत झोपेतच गेले. शेवटपर्यंत त्यांनी मला ओळखलं नाही. मी त्यांचा "पावणा" होतो. मी माफी मागितली तेव्हा त्यांनी माझ्या हातावर पंचा टाकून भाकरी किती खाणार ते विचारलं. बाजारात जाऊन मी जुन्या मंडळींना खरं सांगितलं, पण त्यातली निम्मी आता तिथे नाहीत. त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. अण्णांनी बोटं विकली नव्हती. ते आजारी होते, आणि शेजारी उभा असून मला ते दिसलं नाही.

मात्र आंब्याच्या त्या दिवसानंतरची गटाची पुढची सकाळ सांगायलाच हवी. जिन्यावर बुटांचा आवाज आला. दारात प्रकाश. तो खुर्ची ओढून गोलात बसला. अण्णांनी त्याला नीट निरखलं, नवं गिऱ्हाईक निरखावं तसं, आणि पंचा त्याच्या मनगटावर टाकला. प्रकाशला बोटांची रीत येत नव्हती. अण्णांनी पंच्याखाली त्याचं एकेक बोट सरळ करून त्याला ती शिकवली. बराच वेळ लागला. कोणालाही घाई नव्हती. शेवटी पंचा झटकला गेला, अण्णा टेबलाकडे निघाले, आणि निम्म्या वाटेत थांबले. ओठ हलत होते, आकडा येत नव्हता.

प्रकाश उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. "नऊ, बाबा," तो म्हणाला.

अण्णांनी बोट उगारलं. "भाव वरडायचा न्हाय, पोरा. बाजार ऐकतोय." मग त्याचा हात धरून टेबलापर्यंत चालत गेले, मुग्धाताईंकडे वाकले आणि हळूच म्हणाले, "नऊ."