बर्फाच्या चौकात हिंगोलीची बाकं

आमच्या ऑफिसात एक किस्सा सांगून होत नाही, तोवर मागचे दोन आठवतात. सांगणाऱ्याचा चहा नेहमी थंड! ऑफिस हिंगोलीत, हळदीच्या मोंढ्याजवळ. संघमित्रा मॅडम आर्किटेक्ट. सादिक अन् मी कॉम्प्युटरवर नकाशे काढणारे. अन् काम कुठलं मिळावं? परदेशातल्या, सहा महिने बर्फ पडणाऱ्या गावातल्या चौकाचं! बाकं कुठं, झाडं कुठं, वारा कसा अडवायचा. आमचा तर जन्म गेला उन्हापासून पळण्यात!

*

पहिल्याच नकाशात सादिकनं सगळी बाकं इमारतीच्या उत्तरेला, गार सावलीत टाकली. व्हिडिओ कॉलवर तिकडच्या इंजिनीअर बाई म्हणाल्या, "इथं बसलेला माणूस उचलून न्यावा लागेल!"

सादिक मला हळूच म्हणाला, "काहून? सावली तर झकास दिली की!"

*

मग झाडं. आम्ही दक्षिणेला बारमाही हिरवी, गच्च झाडं लावली. बाई म्हणाल्या, हिवाळ्यात पानं झडणारी लावा, फांद्यांतून ऊन खाली येऊ द्या.

सादिकला पटेना. "उद्घाटनाला पुढारी आला अन् झाडावर पान न्हाई, तर शिव्या कोणाला बसतील?"

*

तिसरा नकाशा खुद्द मॅडमनं काढला. रस्ते सरळ, उत्तरेकडून मोकळे. "हवा खेळती पाहिजे बाबा!"

बाईंनी कपाळाला हात लावला. बर्फावरचा वारा थेट चौकात! आणखी एक चूक झाली तर काम दुसऱ्याला, असं बजावलं.

आता मात्र आमची तंतरली. या कामापायी मॅडमनं बाकीची कामं सोडलेली. हे गेलं तर ऑफिसला कुलूप अन् आम्ही पुण्यात खोली शोधत. सादिकचं लेकरू नुकतंच चालायला लागलेलं. त्या दिवशी त्यानं डबा उघडला नाही.

*

जानेवारीत थंडीची लाट आली. सकाळी सादिक मला ओढत एसटी स्टँडामागं घेऊन गेला. "हे बघ, कसे मजेत झोपून राहिले!"

मोत्या, काळ्या अन् वाघ्या, आमच्या गल्लीतली तीन कुत्री, भिंतीच्या आडोशाला कोवळ्या उन्हात ताणून पडलेली. वारा जरासुद्धा लागत नव्हता.

मग काय, रोज सकाळी आम्ही त्यांच्या मागं! ती जिथं पसरत, तशाच जागा नकाशात हुडकून बाकं टाकली. मॅडम आधी पोट धरून हसल्या, मग नकाशा नीट बघून म्हणाल्या, "बराबर आहे रे!" सादिकनं कोपऱ्यात 'सर्वेक्षण' लिहून तिन्ही कुत्र्यांची नावंही टाकली.

कॉलवर बाईंनी नकाशा मोठा करून एकेक बाक तपासलं.

"सुंदर! मंजूर!"

सादिकनं टेबलाखाली माझा हात असा दाबला, की बोटं कळवळली. तेवढ्यात बाईंचं लक्ष कोपऱ्याकडं गेलं. "हे तिघं कोण? यांना अनुभव किती?"

मॅडमनं सादिककडं पाहिलं. सादिक तोंड गंभीर करून बाईंना म्हणाला,

"जन्मापासून फील्डवरच आहेत, मॅडम!"